काठ आणि पोत

लुगडे घ्यायला गेलेली बाई आधी काठ पाहते, मग पदर. पोत दोन बोटांत चुरून पाहायची पाळी शेवटी येते. कापडवाल्याला हा क्रम पक्का ठाऊक असतो. मोटारीच्या धंद्यात ह्याच क्रमाचे शास्त्र कोणी बनवले, ह्याचा शोध घेऊ लागले म्हणजे अमेरिकेतील जनरल मोटर्स ह्या कंपनीपाशी येऊन थांबावे लागते. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. यंत्रविद्येत मला गती नाही. परंतु यत्ता म्हणजे काय, आणि दर जूनला वरच्या वर्गात बसण्याची माणसाला केवढी हौस असते, हे मी रोज पाहतो. ही कथा मुळात त्या हौसेची आहे.

हेन्री फोर्डला काठ मान्यच नव्हता. १९०८ साली त्याने टी मॉडेल काढले. आरंभी साडेआठशे डॉलरांना मिळणारी ही गाडी पुढे तीनशेच्या आत आली. १९१४ ते १९२५ ह्या काळात तिला एकच रंग मिळे : काळा. एक गाडी, एक रंग आणि उतरती किंमत, एवढ्यावर १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. शेतकरी आणि कारखान्यातला कामगार मोटारीत बसला तो फोर्डमुळे, हे कुणी नाकारू नये.

पण ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याला दुसरी कशी विकायची? १९२३ साली जनरल मोटर्सचा अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोनपुढे हा प्रश्न होता. त्याने शिडी उभी केली. तळाशी शेव्हरोले, तिच्यावर ओकलंड, ओल्ड्समोबिल, ब्यूक, आणि माथ्यावर कॅडिलॅक. १९२६ साली पाँटिअकची पायरी मध्ये बसवण्यात आली. एकीची किंमत संपते तिथे दुसरीची सुरू व्हावी, असा बेत होता. हप्त्याने पैसे देण्याची सोय कंपनीने १९१९ पासूनच केली होती. रंगालाही नवे साधन मिळाले. पूर्वी गाडीचा रंग वाळायला आठवडेच्या आठवडे जात. ड्यूपाँटचा ड्यूको हा नवा रंग काही तासांत वाळू लागला, आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात झळकल्या. १९२७ साली हार्ली अर्ल ह्या कलावंताच्या हाताखाली गाडीच्या रूपासाठी स्वतंत्र खातेच निघाले. त्याच वर्षी फोर्डला टी मॉडेल बंद करावे लागले. काळ्या रंगाचा पराभव झाला होता.

ही शिडी आपल्या दाराशीही आली होती. १९२८ साली मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला.

पुढे एकेका गाडीच्या पोटातही पायऱ्या पाडण्यात आल्या. शेव्हरोलेने १९५३ साली तीन यत्ता केल्या : वन-फिफ्टी, टू-टेन आणि बेल एअर. १९५५ च्या गाड्यांचेच पाहा. तिघींचा सांगाडा एक, दोन आसांमधले अंतर एकच : ११५ इंच. सहा नळकांड्यांचे इंजिन किंवा त्या वर्षी आलेले २६५ घनइंचांचे नवे व्ही-आठ, कोणत्याही यत्तेला घेता येई. मग फरक कुठे? वन-फिफ्टीत पायाखाली रबर, बेल एअरमध्ये गालिचा. एकीच्या अंगावर चकाकत्या पट्ट्या बेताच्या, दुसरीच्या अंगावर भरपूर. रेडिओ, हीटर, आपोआप बदलणारा गिअर ह्यांना पैसे निराळे. १९५७ साली तर बेल एअरच्या मागल्या बाजूला ॲल्युमिनियमचा रेघारेघांचा पत्रा आणि सोनेरी अक्षरे आली. पोत तोच, काठ तेवढा जरीचा.

आणि ह्या जरीचे आयुष्य किती? १९५८ साली बेल एअरच्या वर इंपाला आली. १९५९ साली बेल एअर मधल्या पायरीवर बसली. पुढे इंपालाच्याही डोक्यावर कॅप्रिस आली. अमेरिकेत १९७५ साली हे नाव संपले तेव्हा बेल एअर ही तळाची पायरी झाली होती. आपल्याकडे ‘साहेब’ ह्या शब्दाचे असेच झाले नाही का? ज्याला त्याला साहेब म्हणू लागल्यावर खऱ्या साहेबाला वेगळा शब्द शोधावा लागतो.

स्लोनच्या बाजूने एक गोष्ट मोकळ्या मनाने सांगितली पाहिजे. वरच्या पायरीवरची सोय काळाने खाली उतरते. विजेने इंजिन सुरू करण्याची युक्ती १९१२ साली कॅडिलॅकमध्ये आली. १९१९ साली ती फोर्डच्या टी मॉडेललाही मिळू लागली. हँडल फिरवण्याचे कष्ट आणि त्यातला हाडे मोडण्याचा धोका असा हळूहळू गेला. श्रीमंताने आधी पैसे मोजले म्हणून गरिबाला पुढे ती सोय स्वस्तात मिळाली, हा युक्तिवाद खोटा नाही.

पण तो अपुरा आहे. १९५६ साली फोर्ड कंपनीने आसनाचे पट्टे देऊ केले, तेही जादा पैसे घेऊन, जसा रेडिओ द्यावा तसे. सगळ्यांना ते मिळायला १९६६ चा कायदा व्हावा लागला आणि १९६८ साल उजाडावे लागले. आपल्या देशात अपघातात छातीपुढे फुगणारी हवेची पिशवी कितीतरी वर्षे वरच्या यत्तेच्या गाडीतच मिळे. चालकापुढे ती सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. शेजारी बसणाऱ्यासाठी नव्या मॉडेलांत १ एप्रिल २०२१ पासून.

इंजिन सुरू करण्याची सोय रोज सकाळी उपयोगी पडते, म्हणून ती गिऱ्हाइकाने मागून घेतली. पट्टा चमकत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही. त्याची गरज कळते ती एकदाच, आणि तेव्हा दुकान उघडे नसते. म्हणून तो बाजाराच्या हौसेवर सोडता आला नाही. यत्ता असू द्याव्यात; गालिचा ज्याला हवा त्याने घ्यावा, सोनेरी अक्षरेही घ्यावीत. परंतु रबरावर पाय ठेवून बसणाऱ्याचा जीव गालिच्यावर पाय ठेवणाऱ्याच्या जिवाहून स्वस्त ठरावा, ही यत्ता कोणत्याही शाळेत नसावी. काठाची किंमत ज्याने त्याने ठरवावी. पोत मात्र सर्वांना एकच मिळाला पाहिजे.