तेहतीस वर्षे वाट पाहणारे बक्षीस
हेलिकॉप्टर अभियंत्यांची ‘अमेरिकन हेलिकॉप्टर सोसायटी’ १९४३ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिचे आजचे नाव ‘व्हर्टिकल फ्लाइट सोसायटी’. वार्षिक अधिवेशन, संशोधनपत्रिका आणि विद्यार्थ्यांची आराखडा स्पर्धा हे तिचे नेहमीचे उपक्रम.

१९८० मध्ये संस्थेने एक बक्षीस जाहीर केले. हेलिकॉप्टर केवळ माणसाच्या ताकदीवर ६० सेकंद उडावे, ३ मीटर उंची गाठावी आणि १० मीटरच्या चौकोनातच राहावे, अशा अटी होत्या. पुढे रक्कम अडीच लाख डॉलर झाली. अखेर २०१३ मध्ये कॅनडाच्या ‘एरोव्हेलो’ संघाने पेडल मारून ‘अ‍ॅटलस’ ६४ सेकंद उडवले.

इतकी वर्षे रक्कम राखून ठेवणे हीदेखील संशोधनाची सेवाच, असे आम्हांस वाटते. आपल्या मंडळातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या संस्थेची आराखडा स्पर्धा अवश्य पाहावी.