फांद्यांसकट बांबू

शस्त्रांचा इतिहास आपण बहुधा धारेचा इतिहास म्हणून वाचतो. मिंगकालीन चीनमधील ‘लांगश्येन’ या वाचनाला छेद देते. सुमारे साडेचार मीटर लांबीचा बांबू, टोकाला लोखंडी पाते आणि मुद्दाम न छाटलेल्या फांद्या, एवढेच त्याचे रूप.

सेनापती छी जीग्वांग (१५२८–१५८८) याने झेजियांगच्या किनाऱ्यावर ‘वोकौ’ लुटारूंविरुद्ध ते वापरले. त्याचे सैनिक यीवूचे शेतकरी व खाणकामगार. समोर तलवारबाजीत मुरलेले शत्रू. जोडीने राहणाऱ्या युआनयांग बदकांचे नाव दिलेल्या व्यूहात दोन ढालकऱ्यांमागे दोन लांगश्येनधारी असत. फांद्यांत तलवार अडखळली की मागचे चार भालाईत वार करीत.

‘जीशियाव शिनशू’ या ग्रंथात छी या शस्त्राचे मर्म सांगतो : शत्रू समोर येताच शिकलेली कला विसरली जाते, दाट फांद्यांचा आडोसा मात्र धीर देतो.

पराक्रम गाणाऱ्या इतिहासाने भयाला क्वचितच जागा दिली. येथे एका सेनापतीने सामान्य माणसाचे भय गृहीत धरून शस्त्र निवडले. १५६१ मधील ताइचौच्या विजयात वीरश्रीइतकाच या कबुलीचाही वाटा मानावा लागतो.