ईश्वरावरील भरवसा (ख्रिस्ती)

आयुष्यातील आपत्तीचे कारण उमगत नसतानाही देवाच्या चांगुलपणावर विसंबून राहण्याची ख्रिस्ती वृत्ती. ती निमूट सोसणे नव्हे. बायबलमधील ईयोब मालमत्ता आणि मुले गमावून राखेत बसतो, खापरीने अंग खाजवतो आणि देवालाच जाब विचारतो. शेवटी देव बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही. स्तोत्रसंहितेतही विलापगीते बरीच आहेत. गेथशेमाने बागेत येशू संकट टळावे म्हणून प्रार्थना करतो, मग स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवतो.

या वृत्तीचे पुणे जिल्ह्यातील ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे (1858–1922). तरुणपणी दुष्काळात आईवडील व बहीण गेली. 1882 मध्ये पतीचे निधन झाले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्म मिळाला तरी ख्रिस्त गवसायला सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी पुढे नमूद केले. 1896-97 च्या दुष्काळातील निराधार मुली-स्त्रियांना त्यांनी दौंड तालुक्यातील केडगावच्या ‘मुक्ती’ आश्रमात आसरा दिला. तेथील छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवत. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी हिब्रू-ग्रीकवरून चाललेले मराठी बायबलचे काम रमाबाईंनी सोडले नाही. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, प्रसिद्ध झाले.