संदुकीचा कोपरा

आपल्या ज्ञातीचा इतिहास सांगताना प्रभू विश्वकर्म्यापासून प्रारंभ करण्याची रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु पुराणाच्या जोडीला डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावाही आपल्याच मराठवाड्यात उभा आहे. वेरूळचे दहावे लेणे विश्वकर्मा या नावाने प्रसिद्ध असून लोक त्यास सुताराची झोपडी म्हणतात. सातव्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या या बौद्ध चैत्यगृहाच्या छताला दगडाच्याच कमानदार फासळ्या आहेत. अखंड खडकातून कोरलेल्या छताला फासळ्यांची गरज नसते. लाकडी छताची ती नक्कल होय. अर्थात पाथरवटाने छिन्नी उचलण्यापूर्वी सुताराने तसे छत लाकडात उभारलेले होते. लाकूड कुजून जाते, म्हणून आपला इतिहास असा दुसऱ्याच्या दगडात वाचावा लागतो.

गावगाड्यात सुतार हा थोरल्या ओळीचा बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, बैलगाडी चालती ठेवणे हे त्याचे बलुत्याचे काम. त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळे. संदूक, पाळणा, देव्हारा ही बलुत्याबाहेरची कामे व त्यांची मजुरी निराळी. औतांना बाभूळ चाले. संदुकीसाठी मात्र साग हवा, आणि किनवट-माहूरच्या डोंगरांतला मिळाला तर अधिक उत्तम. घरातील दागिना, जमिनीचे कागद, लग्नातला शालू, सारे या एका पेटीत. म्हणून जाणता गृहस्थ झाकणावरची नक्षी मागाहून पाही. आधी कोपऱ्यावर अंगठा फिरवी.

कोपऱ्यातच सारे मर्म आहे. दोन फळ्या नुसत्या काटकोनात टेकवून खिळे मारले तर काम झटपट होते, पण आपल्याकडच्या हवेत ते टिकत नाही. वैशाखात लाकूड आकसते, श्रावणात फुगते. खिळा मात्र तसाच राहतो व त्याचे भोक सैल होत जाते. याउलट दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा फळ्यांच्या टोकांना खाचा पाडून त्या परस्परांत बसविल्या, तर दोन्ही फळ्या बरोबरीने फुगतात व बरोबरीने आकसतात. यास दातेरी सांधा म्हणावे. आजचे कारागीर फिंगर जॉइंट किंवा बॉक्स जॉइंट म्हणतात. त्याहून कठीण सांधा पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा. तो इजिप्तमधील पुरातन थडग्यांत सापडलेल्या लाकडी पेट्यांतही आढळतो, आणि एका दिशेने ओढला असता सरसावाचूनही सुटत नाही.

मास्तरकी अंगात मुरलेली असल्यामुळे थोडे गणित मांडल्यावाचून राहवत नाही. फळी सहा इंच रुंद व अर्धा इंच जाड धरू. अर्ध्या इंचाचे दात पाडल्यास दातांच्या बाजू एकमेकींना अकरा ठिकाणी भिडतात व सरस धरणारी जागा पावणेतीन चौरस इंच होते. दात पाव इंचाचे केले की भिडण्याच्या जागा तेवीस व क्षेत्र पावणेसहा चौरस इंच. नुसत्या टेकविलेल्या फळीलाही तीन चौरस इंच मिळतात. पण तेथे एका फळीचे टोक असते, आणि टोकाकडून लाकूड सरस पिऊन टाकते, धरीत नाही. दातांच्या बाजूंवर रेषा उभ्या बाजूने भिडतात, म्हणून पकड खरी.

हा कोपऱ्याचा नियम पेटीपुरता नाही, हे लातूर जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आपली माळवदाची घरे म्हणजे दोन ते चार फूट जाडीच्या मातीत रचलेल्या दगडी भिंती, आत खांब-तुळयांचे खण, वर किलचन आणि त्यावर फूट-दोन फूट माती. भिंतीत आतला व बाहेरचा असे दोन थर, मध्ये भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच. कोपऱ्यातही एका भिंतीचे दगड दुसरीत पुरेसे गुंतविलेले नसत. हादरा बसताच थर सुटले, कोपरे उकलले व भिंती ढासळल्या. पुष्कळ ठिकाणी मात्र भिंती पडूनही कुसू भोकात बसविलेले खांब व तुळया माळवदासह उभ्या राहिल्या. सगळ्याच तगल्या असे म्हणणे खोटे ठरेल. जेथे लाकूड वाळवीने खाल्लेले होते किंवा सांधे ढिले झाले होते, तेथे तीच तुळई काळ होऊन खाली आली.

पुढे सुमारे 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. उरलेल्या जुन्या घरांसाठी तज्ज्ञांनी सुचविलेले उपाय आपल्या मंडळींनी वाचण्यासारखे आहेत: भिंतीत आरपार बंधन घालावे, कोपरे काँक्रीटच्या पट्ट्यांनी जखडावेत, माळवदावरची माती कमी करावी, खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू द्यावेत. यातील शेवटचे काम निव्वळ सुताराचे. दुर्दैवाने काँक्रीटची नवी घरे झाल्यावर सुताराकडे चौकट, दार व पुढे प्लायवूडला खिळे ठोकणे एवढेच उरले, आणि सांधा जाणणारे हात कमी होत गेले.

17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तो आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपली विश्वकर्मा जयंती माघात, तरी तिथीवरून रुसण्याचे कारण नाही. तीत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. विजेच्या राउटरला काही वडीलधारे नाक मुरडतात, ते मला पटत नाही. सरळ दातांचा सांधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत यंत्रानेच लाखो खोक्यांवर चढला. राउटर टेबलाखाली उलटा बसवितात, पाते वर डोकावते. सरकत्या पट्टीवर पात्याच्या रुंदीइतकीच लाकडी खुंटी, पात्यापासून तितक्याच अंतरावर ठोकायची. एक खाच पाडावी, ती खुंटीवर बसवावी, पुढची पाडावी; दुसरी फळी एका दाताने सरकवून सुरू करावी. पात्याची उंची फळीच्या जाडीहून केसभर अधिक ठेवावी. खुंटी दूर गेली तर दात घट्ट होतात, जवळ आली तर सैल. म्हणून आधी टाकाऊ फळीवर करून पाहावे, आणि फळीच्या पाठीशी दुसरी फळी लावावी, नाहीतर पाते बाहेर पडताना सागाच्या चिंध्या होतात.