बिली साउथवर्थ, धाकटा

आमचा नातू अमेरिकेत वाढतोय, त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर मला बेसबॉल शिकावा लागला! क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला तो आधी विटीदांडूचा भाऊ वाटतो. आता थोडाफार कळतो. पण खेळापेक्षा मला त्यातल्या माणसांच्या गोष्टीत जास्त रस, हे मास्तरकीचं जुनं दुखणं. त्यातलीच ही एक.

बिली साउथवर्थ हे नाव बापाचंही आणि लेकाचंही. बाप सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा मॅनेजर. (तिकडे मॅनेजर म्हणजे हिशेब बघणारा नव्हे, डाव आखणारा.) १९४२, ४३ आणि ४४ अशी सलग तीन वर्षं त्याच्या संघाने नॅशनल लीग जिंकली, ४२ आणि ४४ साली वर्ल्ड सिरीजसुद्धा.

मुलगा १९१७ चा. तोही खेळाडू, पण मायनर लीगमधला. मायनर लीग म्हणजे लहान शहरांचे संघ, तुटपुंजा पगार, बसमधले लांबलांबचे प्रवास आणि एक दिवस वरून बोलावणं येईल ही आशा. तो टोरांटोच्या संघापर्यंत पोचला होता. तिथून मेजर लीग एकच पायरी वर.

ती पायरी राहिली. १९४० च्या अखेरीस, म्हणजे पर्ल हार्बरच्या जवळजवळ वर्षभर आधी, कुणी न बोलावता तो सैन्याच्या हवाई दलात भरती झाला. पुढे इंग्लंडमधून बी-१७ बॉम्बर घेऊन त्याने युरोपवर २५ मोहिमा केल्या. त्या काळात एवढ्या मोहिमा पुऱ्या करून जिवंत परतणं हेच मोठं नशीब. उडताना डोक्यावर वडिलांच्या संघाची, कार्डिनल्सची टोपी! घरी आला तो पदकं घेऊन. दिसायला देखणा, सिनेमावाल्यांनीही विचारलं होतं. पण मेजर साउथवर्थ हवाई दलातच राहिला आणि नव्या, अवाढव्य बी-२९ विमानांकडे वळला.

१५ फेब्रुवारी १९४५. न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून तो फ्लोरिडाकडे निघाला. शत्रू नाही, तोफा नाहीत. एका इंजिनात बिघाड झाला म्हणून ला गार्डिया विमानतळावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि विमान शेजारच्या फ्लशिंगच्या खाडीत कोसळलं. तो २७ वर्षांचा होता.

वडील धावत न्यूयॉर्कला आले. खाडीच्या काठावर उभे राहून शोध बघत राहिले. मुलगा सापडला नाही.

एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला आणि हा माणूस संघाबरोबर पुन्हा मैदानावर. मला राहून राहून ते महिने दिसतात. आमच्या शाळेतले एक सहकारी तरुण मुलगा गेल्यानंतर पंधराव्या दिवशी वर्गावर आले, फळ्यावर तारीख घालायला गेले आणि खडू हातात धरून नुसतेच उभे राहिले. पण त्यांचे दिवस तरी झाले होते. साउथवर्थला तेही नव्हतं. मुलगा पाण्यात, आणि हा रोज कुणाला कुठे खेळवायचं ते ठरवतोय. त्या वर्षी कार्डिनल्सने ९५ सामने जिंकले, शिकागो कब्जच्या मागे तीन विजयांनी राहिले. लोक म्हणाले असतील, यंदा जमलं नाही.

मृतदेह ऑगस्टमध्ये मिळाला, युद्ध संपत आलं तेव्हा.

दुसऱ्या महायुद्धात मेजर लीग खेळलेले दोघेच कामी आले, एल्मर गेडियन आणि हॅरी ओ'नील. बेसबॉलच्या गप्पांत ही दोन नावं निघतात. मायनर लीगचे शंभराहून अधिक गेले, त्यांची नावं कोण घेणार? धाकट्या बिलीचं अधूनमधून निघतं, तेही वडिलांमुळे.

वडील पुढच्या वर्षी बोस्टन ब्रेव्हजकडे गेले, १९४८ साली त्यांनाही लीग जिंकून दिली. १९६९ मध्ये वारले. २००८ साली 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचं नाव लागलं. मुलाचे आकडे मात्र टोरांटोपाशी, १९४० ला थांबतात.