ऑर्किड, कोळसा आणि तापमानाचा घोळ

हल्ली आपल्या आयटीवाल्या मंडळींच्या घरात काचेची पेटी आणि तिच्यात एखादं ऑर्किड दिसतं. सोबत एलईडी दिवा, इवलासा पंखा, डिजिटल थर्मामीटर. एकदम मॉडर्न वाटतं ना? पण ही भानगड जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे, आणि तिच्यापायी किती झाडं मेली याची गणतीच नाही.

तर गोष्ट अशी. १८२९ च्या सुमारास लंडनमधल्या नथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोष ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला. मातीतून चक्क नेचं आणि गवत उगवलं. मातीतली वाफ काचेवर जमायची आणि परत खाली यायची, त्यामुळे पाणी घालायची गरजच नाही! यातून 'वॉर्डियन केस' आली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं थेट सिडनीपर्यंत जिवंत पोचली.

म्हणजे प्रवासाचा प्रश्न सुटत आला. घोळ व्हायचा तो मुक्कामी पोचल्यावर.

ऑर्किड कुठून येतात? उष्ण कटिबंधातून. मग त्यांना काय हवं? उष्णता! इतकं सरळ लॉजिक. १८३० च्या सुमारास जॉन लिंडलीसारख्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही भरपूर उष्णता, दमटपणा आणि सावली असाच सल्ला दिला होता. मग काय, कोळसा पेटवून तापवलेल्या बंद काचघरांत (त्यांना 'स्टोव्ह' असंच म्हणायचे!) ऑर्किड अक्षरशः शिजायची. इंग्लंडला ऑर्किडची दफनभूमी म्हटलं जायचं ते उगाच नाही.

आपल्या भाषेत बोलायचं तर रूट कॉज एकच: अक्षांश बघितला, उंची बघायची राहिली. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. अँडीजमध्ये दोन-अडीच हजार मीटरवर वाढणाऱ्या ओडोंटोग्लॉसमसाठी लंडनचा 'स्टोव्ह' म्हणजे भट्टीच. शिवाय बरीचशी ऑर्किड झाडांच्या फांद्यांवर, वाऱ्यात वाढतात. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी आठवा. कोंडलेल्या हवेत त्यांची मुळं कुजणारच.

हा बग सोडवणाऱ्यांत मोठं नाव जोसेफ पॅक्स्टनचं. हाच पुढे १८५१ चा क्रिस्टल पॅलेस उभारणारा. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेत त्याने वेगवेगळ्या तापमानाची वेगळी काचघरं ठेवली आणि हवा खेळती केली. ड्यूकने जॉन गिब्सन या माळ्याला खासी टेकड्यांमध्ये पाठवलं होतं. तो १८३७ मध्ये चेरापुंजी परिसरातली ऑर्किड घेऊन परतला. हजार मीटरपेक्षा उंचावरच्या, पावसाळी, गार हवेतल्या त्या झाडांना एकाच भट्टीत कोंबून कसं चालेल? पुढे १८६० च्या दशकात जेम्स बेटमनने थंड हवेत ऑर्किड वाढवण्याचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हा कुठे ओडोंटोग्लॉसम इंग्लंडमध्ये धड जगू लागली.

आज कोळसा गेला, पण काच तीच आहे. बंद पेटी उन्हात ठेवली की तासाभरात तिचा 'स्टोव्ह' होतो. दिवा पेटीबाहेर ठेवा, पंखा चालू राहू द्या, रात्री तापमान चार-पाच अंशांनी उतरू द्या. बाजारात मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिसला तर फुलाचा दांडा यायलाच काही आठवडे गारवा लागतो.

आणि हो, झाड घेताना फक्त देश विचारू नका. समुद्रसपाटीपासून किती उंचीवरचं, हेही विचारा!