पाट्या दोनच : पारलिंगी माणसे आणि शौचालयाचा इतिहास

ताथवड्यात महामार्गाच्या पुलाखालून रोज हजारो माणसे जातात. कॉलेजची मुले, हिंजवडीकडे निघालेले आयटीवाले, कंपनीच्या बसची वाट पाहणारे कामगार. या गर्दीतली एक पारलिंगी स्त्री माझ्या ओळखीची आहे. ती सुरक्षारक्षकाचे काम करते. कुठे करते ते लिहीत नाही, तिची नोकरी टिकली पाहिजे. मेच्या उन्हात एकदा टपरीवर भेटली तेव्हा मी चहाबरोबर पाण्याची बाटली घेतली. तिने ती पिशवीत टाकली आणि म्हणाली, "आत्ता नको भाई. ड्युटी सुटली की पिते. आत बाथरूम दोन आहेत, माझं एकही नाही."

पुरुषांच्या बाजूला गेली की शेरे ऐकावे लागतात, कधी अंगावर हातही येतो. बायकांच्या बाजूला गेली की कुणीतरी सुपरवायझरकडे तक्रार करते. म्हणून घरून निघताना एकदा आणि घरी परतल्यावर एकदा, एवढाच तिचा हिशेब. मधले आठ-नऊ तास पाणी बंद. लघवीची जळजळ तिला नेहमीची झाली आहे.

तिला काम मिळाले, गणवेश मिळाला, पगारही वेळेवर मिळतो. मग एक दार का मिळाले नाही? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

वतनापासून गुन्ह्यापर्यंत

आपल्या दख्खनमध्ये हिजड्यांना गावगाड्यात जागा होती. ती जागा सन्मानाची होती असा दावा मी करणार नाही, पण ती कागदावर मान्य होती. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबई इलाख्यातील जुन्या दप्तराच्या आधारे हे मांडले आहे. ठरलेल्या गावांतून धान्य आणि थोडे पैसे घेण्याचा हक्क त्यांच्याकडे होता, काहींकडे जमिनीही होत्या. हे हक्क गुरूकडून चेल्याकडे जात. इंग्रज अधिकाऱ्यांना नेमके हेच खटकले. रक्ताचा वारस नसेल तर वारसा कसला, हा त्यांचा सवाल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे हक्क मोडीत निघाले.

पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता आणि तो उत्तरेकडील प्रांतांसाठी होता. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली तर पोलीस तिला वॉरंटशिवाय पकडू शकत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही १९१९ मध्ये हिजड्यांच्या नोंदणीचा असाच कायदा झाला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. म्हणजे तो कागदावर शंभराहून जास्त वर्षे जिवंत राहिला.

सार्वजनिक शौचालय कुणासाठी बांधले जाते? ज्याने रस्त्यावर, बाजारात, कचेरीत असणे समाजाला मान्य आहे त्याच्यासाठी. ज्याचे रस्त्यावर दिसणेच गुन्हा ठरवले गेले, त्याच्यासाठी मुतारी कोण बांधणार?

कारखान्याची दोन दारे

स्त्री-पुरुषांची वेगळी शौचालये ही आपल्याला सृष्टीच्या आरंभापासूनची गोष्ट वाटते. कायद्याच्या पुस्तकात ती बरीच अलीकडची आहे. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी बायकांसाठी वेगळे शौचालय सक्तीचे करणारा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्स राज्यात १८८७ मध्ये झाला. बायका कारखान्यात येऊ लागल्या होत्या म्हणून तो करावा लागला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १९ ने स्त्री आणि पुरुष कामगारांसाठी वेगळी बंदिस्त व्यवस्था सक्तीची केली.

आपला पट्टा याच कायद्याच्या सावलीत वाढला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो लहान वर्कशॉप. प्रत्येक शेडच्या नकाशात कलम १९ ची दोन दारे काढलेली. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी एकच दार वापरात, कारण शॉप फ्लोअरवर बायकाच नव्हत्या. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहिले. मग १९७४ च्या सुमारास त्या टेल्कोच्या पहिल्या स्त्री अभियंता झाल्या. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे "बायकांसाठी सोय नाही" हे वाक्य नोकरी नाकारायला पुरत असे.

बाहेर रस्त्यावरही तेच. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या भेदाविरुद्ध २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली. कोरो संस्थेच्या मुमताज शेख यांच्यासारख्या वस्तीतून आलेल्या कार्यकर्त्या त्यात पुढे होत्या. सुरुवातीला लोक हसले. लघवी हा काय आंदोलनाचा विषय झाला? हळूहळू हसणे थांबले, कारण प्रत्येकाच्या घरात पाणी न पिता बाहेर पडणारी आई किंवा बहीण होती. तो बायकांचा लढा होता. आज ताथवड्यातली ती रक्षक नेमके तेच सांगते आहे आणि तिच्या बोलण्यावर लोक अजून हसतात.

सफेत जागा शोधणारे

आमच्या फिकहच्या ग्रंथांत एक जुनी चर्चा आहे. बाराव्या शतकातील बुरहानुद्दीन मरगिनानी यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथाच्या शेवटी 'खुन्सा'वर प्रकरण आहे. खुन्सा म्हणजे ज्याच्या शरीरावर दोन्ही खुणा आहेत असा माणूस. आजच्या भाषेत त्याला आंतरलिंगी म्हणतात. तो आणि पारलिंगी एकच नव्हेत, ही खबरदारी घेऊनच पुढे वाचावे. गंमत अशी की त्या प्रकरणात माणूस पुरुष की स्त्री हे ठरवण्याची पहिली कसोटी लघवीचीच आहे, ती कुठल्या अवयवातून होते त्याची. आणि तरीही निकाल लागला नाही तर? तर त्याने नमाजात पुरुषांच्या मागे आणि स्त्रियांच्या पुढे उभे राहावे, असे सांगितले आहे.

त्या काळच्या अनेक समजुती आज आपण जशाच्या तशा स्वीकारणार नाही. पण या माणसाला मशिदीतून घरी पाठवा, असे ते फकीह म्हणाले नाहीत. त्यांनी सफ कशी लावायची याचा विचार केला. आठशे वर्षांनंतर वास्तुविशारद, इंजिनीअर आणि बजेट हाताशी असूनही आपल्याला एक दार सुचत नाही.

शाळेची घंटा

खरी गळती शाळेपासून सुरू होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुले आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हा शाळेचा निकष ठरवला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची मुदत घालून ती बांधायला सांगितले. मुलींसाठी हे मोठे पाऊल होते. वयात येणाऱ्या मुलींची शाळा शौचालयाअभावी सुटते हे सगळ्यांनाच दिसत होते.

मात्र ज्या मुलाचे चालणे-बोलणे मुलींसारखे आहे त्याच्यासाठी मधल्या सुट्टीची घंटा म्हणजे धास्ती असते. मुलांच्या मुतारीत आडोसा नसतो आणि बाईंची नजरही तिथे पोचत नाही. मुलगी म्हणून दाखला असलेल्या, पण स्वतःला मुलगा मानणाऱ्या विद्यार्थ्याचे हाल आणखी वेगळे. पाळी आली की त्याला दोन्ही बाजू बंद होतात. त्याच्याबद्दल तर आपण बोलतही नाही.

२०२१ मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांकरिता एक पुस्तिका काढली. त्यात सर्वांसाठी खुल्या स्वच्छतागृहांची सूचना होती. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने हरकत घेतली आणि काही दिवसांतच पुस्तिका संकेतस्थळावरून गायब झाली. पुस्तिका काढून टाकता आली. वर्गातली मुले वर्गातच राहिली.

तीन आदेश, तीन उत्तरे

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली आणि त्यांच्यासाठी वेगळी सार्वजनिक शौचालये करायला सरकारांना सांगितले. एप्रिल २०१७ मध्ये स्वच्छ भारत मोहिमेच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांचे उत्तर निराळे होते. पुरुषांचे किंवा स्त्रियांचे, जे योग्य वाटेल ते शौचालय त्यांना वापरू द्या. पुढे २०१९ चा कायदा झाला आणि २०२० च्या नियमांत आस्थापनांमधील स्वच्छतागृहांसह सोयी उभारायला दोन वर्षांची मुदत दिली गेली.

वेगळे दार, निवडलेले दार, की सगळ्यांचे दार? भोपाळमध्ये २०१७ मध्ये तृतीयपंथीयांसाठी वेगळे शौचालय बांधले गेले. ज्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात तिथे ते उपयोगी पडते. पण ज्या तरुणाने घरी अजून काही सांगितलेले नाही, तो 'तृतीयपंथी' अशी पाटी असलेल्या दारातून चारचौघांत आत कसा जाईल? दिल्ली मेट्रोने २०२१ मध्ये अपंगांसाठीची स्वतंत्र शौचालये पारलिंगी प्रवाशांनाही खुली केली. पारलिंगींना हवे तर ओळखीनुसार नेहमीचे शौचालयही वापरता येते. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. नवी भिंत बांधावी लागली नाही आणि कुणाला पाटीखाली उभेही केले नाही.

यावर बायकांच्या सुरक्षिततेचा मुद्दा येतो. तो उडवून लावू नये. बायकांनी त्यांची जागा झगडून मिळवली आहे आणि ती राहिलीच पाहिजे. त्यांचे दार काढून घ्या, असे कुणी म्हणत नाही. जमिनीपासून छतापर्यंत भिंती, आतून कडी, पाणी आणि कचऱ्याची टोपली असलेली एक खोली त्याच्या शेजारी करायची आहे. अशी खोली म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आलेल्या लेकीलाही लागते आणि लहान मुलीला घेऊन आलेल्या बापालाही.

पुन्हा पुलाखाली

२०२२ मध्ये, म्हणजे ती दोन वर्षांची मुदत संपली त्याच वर्षी, पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. ज्यांना पाहून लोक गाडीची काच वर करत, त्या आता गणवेशात उभ्या राहिल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या संहितेत स्त्री, पुरुष आणि पारलिंगी कामगारांसाठी शौचालयाची सोय करावी, असे स्पष्ट लिहिले आहे. १९४८ मध्ये कायद्यात दोन शब्द होते. तिसरा शब्द लागू व्हायला ७७ वर्षे गेली.

आता त्या शब्दाची भिंत आणि दार कोण करणार, एवढेच उरले आहे. ताथवडे २००९ मध्ये महापालिकेत आले तेव्हा इथे शेते होती. आज टॉवर आहेत, कॉलेजे आहेत आणि रोज नवे नकाशे मंजूर होत आहेत. जुन्या इमारतीत जागा नाही, हे एक वेळ समजू शकते. पण ज्या इमारतीचा पायाही अजून खणलेला नाही, तिच्या नकाशात एक जास्तीची खोली काढायला पेन्सिलीशिवाय काय लागते?

परवा ती पुन्हा दिसली. कामाच्या ठिकाणी नवे स्वच्छतागृह बांधताहेत म्हणून खुशीत होती. मी विचारले, "दारं किती?"

म्हणाली, "अजून विचारलं नाही भाई. विचारलं आणि दोनच म्हणाले तर?"